आकडा न सांगणाऱ्या मावशी

"हायेत की, देवानं दिलेल्या." म्हशी किती असं कुणीही विचारलं की मावशी एवढंच म्हणायच्या आणि पदर कपाळावर ओढायच्या. दुभत्या जनावरांचा आकडा तोंडानं सांगितला की दूध आटतं, असं त्यांच्या सासूनं सांगितलेलं.

खडकवासल्याच्या रस्त्याला, आमच्या चाळीमागं त्यांचा गोठा. मी तिथं शेण काढायला जायचे. लॉकडाऊन लागलं, नवरा कामाला होता ते हॉटेल बंद, पोरगी तान्ही, मला दूध येईना, ती रडून रडून निळी व्हायची आणि मी नुसती घाबरून बसायचे. मावशी कावेरी म्हशीचं दूध दारात आणून ठेवायच्या. पैशाचं काढलं तर म्हणायच्या, "पोरगी कमवायला लागली की तिच्याकडनं घीन."

पण त्यांचंही दूध कोण घेणार? हॉटेलं बंद, मिठाईवाले बंद, पेंड संपत आली. व्यापारी टेम्पो घेऊन आला, कावेरी द्या म्हणाला. मावशी म्हणाल्या, थोडं थांब. सरकारनं म्हशीवाल्यांना कोरोनाची मदत जाहीर केलेली, जनावरामागं. ती आली तर कावेरी राहणार होती.

मग मदतीचे साहेब आले, मास्क लावून दारातच उभे.

"आजी, म्हशी किती?"

"हायेत की, देवानं दिलेल्या."

"अहो, दिल्या देवानं, पण पैसे सरकार देणार आहे. आकडा सांगा."

"न्हाई सांगायची."

"मग आत येऊन मी मोजतो."

"बोट दाखवून मोजायचं न्हाई." मावशी खराटा घेऊन दारात आडव्या.

"ठीक आहे. सरकारचं काही अडत नाही," असं म्हणून साहेबांनी गाडीला किक मारली.

तुम्हीच सांगा, असल्या बाईला काय म्हणायचं? मी ओरडले, "मावशी, कावेरी जाईल!"

"एक गेली तर एक जाईल. मोजलं तर समद्या आटतील."

मी सातवी शिकलेली, साहेब दिसला की जीभ टाळ्याला चिकटते, पण पोरीला काखोटीला मारलं आणि गाडीमागं पळाले, चप्पल तुटली तरी पळाले. "ओ साहेब, थांबा, त्या आकडा नाही सांगणार, पण धार काढताना नावानं हाका मारतात, तुम्ही पाठमोरे उभे राहा आणि मनात मोजा, मनातलं कुणाला लागत नाही!"

साहेब हसले, पण फिरले.

मावशींनी खराटा भिंतीला टेकवला. मग हाक दिली, "गंगेऽ! चंद्रेऽ! कावेरेऽ!" एकेक म्हैस ओ द्यायची. साहेब भिंतीकडं तोंड करून उभे, खिशातली बोटं हलत होती. शेवटी मावशी थांबल्या. "कोपऱ्यातलीला हाक न्हाई मारायची, गाभण हाय."

"मग तिचे पैसे मिळणार नाहीत, आजी."

"नकोत."

मदत उशिरा आली, थोडीच आली, पण पेंडीपुरती आली. व्यापारी रिकाम्या हातानं गेला.

पुढं गोठ्याच्या जागी बिल्डिंग ठरली आणि मावशी भावाकडं, पानशेतच्या बाजूला निघाल्या. जनावरं पायीच नेणार म्हणाल्या. ऐन ऑफिसच्या वेळेला सगळ्या म्हशी रस्त्यावर, मागं गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मावशी वळल्या. "वाजवा, वाजवा. पान्हा फुटतो का बघू."

माझी पोरगी तेव्हा नुकती चालायला लागलेली. हात सोडवून ती कावेरीच्या मागं धावली, भर रस्त्यात. मी तिला उचललं तर तिनं मलाच बुक्क्या मारल्या, आणि तेवढ्यात वळणावरून शेवटची म्हैस दिसेनाशी झाली.