गव्हावर गहू

सुमनच्या गिरणीसमोर नवी गिरणी निघालीय. तिथं कशावर काहीही दळतात, थांबावं लागत नाही. पण माझी बायको हयातभर सुमनकडंच जायची, म्हणून ती गेल्यावर मीही गव्हाचा डबा घेऊन तिथंच गेलो.

सुमननं नुकतीच बाजरी दळली होती. म्हटलं, “घाल गं त्यावरच. मला काय कळतंय?”

“तुम्हाला नाही कळणार, काका. काकूंना कळलं असतं.”

तिनं आधी घरचे मूठभर गहू टाकून बाजरी काढून टाकली. मागचा हॉटेलवाला खेकसला, “असा धंदा केलास तर समोरचा तुला खाऊन टाकील!”

“खाऊ दे. कचकच तरी लागणार नाही त्याला.”

तो पोतं उचलून समोर गेला. मोठं गिऱ्हाईक गेलं, पण सुमननं मान वळवली नाही.

मेलेलं माणूस पीठ चिमटीत धरून बघायला येत नाही. तरी या बाईनं तिला फसवलं नाही. धंदा म्हणतात तो हा.

ऊन ऊन डबा छातीशी धरून मी नव्या गिरणीपुढून मुद्दाम सावकाश चाललो, कुस्ती मारून आल्यागत. घरी लाटलेली पोळी वाकडीच झाली. पण बाजरीचा ठिपका नव्हता. बायकोच्या फोटोपुढं धरून ओरडलो, “बघ, गव्हावर गहू!”