बाबूमामांचा सदू

मंगळवारी सकाळी अकराची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत मी भट्टीसमोर लांब दांड्याचा चमचा घेऊन उभी होते. पुढ्यात चौदाशे डिग्रीचा लोखंडाचा रस... आणि सॅम्पलसाठी लॅबमधून फोनवर फोन.

मी इथे क्वालिटी इंजिनिअर. नव्या कामगारांसाठी सेफ्टीचं प्रेझेंटेशनही मीच केलंय, चांगल्या बेचाळीस स्लाईड्स! त्याचा मला भारी अभिमान.

आणि भट्टीवरचे बाबूमामा जेवणाच्या सुट्टीत नव्या माणसांना सदूची गोष्ट सांगत बसायचे, त्याचा तितकाच वैताग. हा सदू म्हणे हुपरीचा. घाईत त्यानं ओला चमचा रसात घातला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि रस अंगावर उसळला. तेव्हा त्याची बायको गेटवर डबा घेऊन उभी... वॉचमनला म्हणत होती, "लगीच द्या त्यास्नी, गरम हाय."

"मामा, गोष्टी पुरे, नियम सांगा," असं मी त्यांना दोनदा सुनावलंही होतं.

तर मंगळवारी मामा चहाला गेलेले, आणि मला दम कुठला? भिंतीला टेकवलेला चमचा मीच उचलला. रसापासून वीतभर अंतरावर नेला... आणि का कुणास ठाऊक, ती गेटवरची बाई डोळ्यांसमोर आली. हात जागीच थांबला.

चमचा मागे घेऊन बघितलं. वाटी आतून ओली होती. शेजारचा पाण्याचा पाइप ठिबकत होता.

चमचा बाजूला ठेवला आणि खालीच बसले. याच धोक्याची स्लाईड मी स्वतः केलीय हो... ती आठवलीच नाही.

सुट्टीत मामांना गाठलं. म्हटलं, "मला सदूच्या घरी जायचंय. हुपरीत कुठं राहतात?"

मामा हळूच म्हणाले, "रागावू नगा मॅडम. सदू बिदू कोण न्हवताच."

"आणि त्याची बायको?"

"ती बी न्हाई. तीस वरसं झाली मला हितं. अजून कुणाची बायको तशी उभी ऱ्हायली न्हाई... म्हणून तर सांगतोय की!"

मला रडूच फुटलं. काल नवी बॅच आली, तेव्हा प्रोजेक्टर लावायच्या आधी मामांना खुर्ची दिली आणि मी मागे जाऊन बसले.

मामा, चुकलं माझं. जन्मालाच न आलेल्या एका बाईनं मला त्या दिवशी धडधाकट घरी पाठवलं... तुमचे उपकार कसे फेडू?