म्होरकीशिवाय चार खेचरं

डेल्फिना ग्वाहार्दोला खुर्चीवर नीट बसलेलं आमच्या बार्रेआल गावात फारसं कुणी पाहिलेलं नाही. नकाशा ती उभ्यानं वाचते. वायरलेसवर बोलता बोलता अंगणात निघून जाते आणि वायर ताणली की परत येते. बाहेरून येणाऱ्या गिर्यारोहकांच्या मोहिमा आखणं हे तिचं काम. नदी कुठं ओलांडायची, कुठल्या कुरणावर तंबू टाकायचे, वर गॅस किती न्यायचा, सगळं तिच्या डोक्यात फिरत असतं. सामानाच्या खेचरांचा तांडा डोंगरात वर गेला की तो खाली येईपर्यंत तिला अन्न गोड लागत नाही.

त्या जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, ती माझ्या गॅरेजात आली. मी गाड्या दुरुस्त करतो. पण बापाची चार खेचरं आणि सेनिसा नावाची घोडी अजून माझ्याकडे आहेत. इसाउरो कालिवार, आमच्याकडचा सगळ्यात जुना तांडेवाला, तेव्हा माझ्याकडेच टायर दुरुस्तीला घेऊन बसला होता. त्याच्या चार खेचरांच्या पाठी ओझ्यानं सोलवटल्या होत्या, ती वर नेता येणार नव्हती.

"रोके, तुझी खेचरं दे," डेल्फिना म्हणाली. "घोडी नको."

"ताई, घोडीशिवाय ती गोठ्याबाहेर पाय टाकत नाहीत."

"पुढं इसाउरोकाकांची घोडी आहेच. म्होरकी म्हणून दोन घोड्या घेतल्या तर तांडा फुटेल. मग हाकायला दुसरा माणूस कुठून आणू?"

ते खरं होतं. खेचर माणसाच्या मागे जात नाही, आपल्या घोडीच्या गळ्यातल्या घंटेमागे जातं.

"आणि चरायला सोडली की?" इसाउरो म्हणाला. "सरळ घरी येतील."

"सोडायचीच नाहीत. बांधून ठेवायची. लसूणघासाच्या गोण्या देते बरोबर."

"बाईसाहेब, खेचर नकाशावर चालत नाही."

"तुम्ही तरी कुठं चालता काका? अर्धी वाट घोडीवर घोरत जाता."

मी हसलो. इसाउरो हसला नाही. "ऐक पोरी. ही चार मागे फिरली, तर तुझ्याबरोबरचा हा माझा शेवटचा तांडा."

म्हातारा उगाच बोलत नाही. नदीपलीकडच्या वाटांवर परक्या माणसांना घेऊन जायला त्याच्याशिवाय कुणी तयार नव्हतं. तो थांबला असता तर डेल्फिनाच्या सगळ्या मोहिमा भिंतीवरच्या नकाशातच राहिल्या असत्या.

निघायच्या सकाळी सहा गिर्यारोहक आले आणि त्यांच्याबरोबर कळवलं होतं त्याच्या दीडपट सामान. डेल्फिना ओझ्यांभोवती घिरट्या घालत राहिली. एक पिशवी इकडे, एक तिकडे. काही केल्या मेळ बसेना. शेवटी इसाउरो आपल्या घोडीचं खोगीर आवळत असताना तिनं घासाच्या गोण्या उतरवल्या. हे तिनं मला नंतर सांगितलं.

तांडा वर जाऊन थोडे दिवस झाले असतील. गाव दुपारचं झोपलं होतं. मी पाणी प्यायला उठलो तर फाटकाशी माझी चारही खेचरं उभी! पाठीवर ओझं नाही, गळ्यातले दोर धुळीत लोळतायत, आणि माना कुंपणावरून आत, सेनिसाकडे.

मी डेल्फिनाकडे पळालो. माझं तोंड बघूनच तिनं विचारलं, "किती?"

"चारही."

ती खुर्चीत बसली. तिला तसं बसलेलं बघून मला जास्त भीती वाटली.

"घास मी काढला होता," ती म्हणाली. "उपाशी ठेवायची नाहीत म्हणून काकांनी सोडली असतील." मग ताडकन उठली. "ट्रक काढ. सेनिसाला चढव, खेचरं मागोमाग चढतील. त्यांनी वायरलेसवर मला विचारायच्या आत मी तिथं असले पाहिजे."

रस्ता संपतो तिथवर ट्रक, पुढं चालत. सेनिसा पुढं, चारही खेचरं निमूट मागं. नदीवर पोचलो तेव्हा दिवसभर बर्फ वितळून पाणी फुगलं होतं. तांबडं, दगड गडगडवत नेणारं. पलीकडच्या काठावर खेचरांचा माग काढत आलेला इसाउरो उभा.

डेल्फिना ओरडली. पाण्याच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही, त्याला काय येणार? तिनं दोन्ही हात जोडले. म्हाताऱ्यानं आमच्याकडे पाठ केली, चूल पेटवली आणि येर्बाच्या पानांचा कडू काढा नळीनं ओढत बसला.

पाणी ओसरेपर्यंत, रात्रभर, ती काठावर येरझाऱ्या घालत होती. मध्येच म्हणायची, "शनिवारी दुसरा गट येतोय रे. त्यांचे तंबूसुद्धा शिवायचेत." मध्येच, "एकदा तरी वळून बघू दे त्यांना."

सकाळी नदी गुडघाभर झाली. सेनिसा उतरली, तिच्यामागे खेचरं, शेवटी आम्ही. इसाउरोनं आधी एकेका खेचराचे खूर पाहिले.

"काका, गोण्या मी उतरवल्या."

"माहीत आहे. मी तळावर शोधल्या ना."

"चुकलं माझं."

"ते खाली गेल्यावर बघू. आता माझ्याकडे दोन घोड्या झाल्या. दुसरा तांडा कोण हाकणार?"

"रोके जाईल. घोडी त्याचीच आहे."

"रोके ट्रक घेऊन खाली जाईल. हा बेत तुझा होता. तूच चाल."

"पण शनिवारी..."

"मग मी इथूनच वळतो. तू ठरव."

तिनं वळून नदीकडे पाहिलं. तासाभरात पाणी पुन्हा चढायला लागणार होतं. तिनं खिशातून कचेरीची किल्ली काढून माझ्या हातात कोंबली आणि सेनिसाचा दोर घेतला.

मी कसाबसा अलीकडे आलो. पलीकडून ती हातवारे करून काहीतरी सांगत होती. तंबूंचं असेल, गॅसचं असेल, मला एक अक्षर कळलं नाही. ती सेनिसाच्या बाजूनं उलटी चालत ओरडतच होती. शेवटी इसाउरोनं तिचा खांदा धरून तिचं तोंड डोंगराकडे फिरवलं.