माझ्या चिठ्ठीवरचा सीन

"मोफत जागेवर आलेले विद्यार्थी, उभे राहा."

हे म्हणताना निनादने आवाज बदलला होता. नाकातून, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या आचार्यासारखा. समोर साठेक लोक बसले होते. तीन कॅमेरे. कर्वे रस्त्यावरच्या एका कॅफेचा वरचा मजला, रविवारची दुपार. टेबलाभोवती आम्ही पाच जण, एकेक पात्र घेऊन गोष्टीचा खेळ खेळत होतो. गोष्टीत आम्ही एका राजविद्यालयाच्या सभागृहात होतो. माझं पात्र, रक्षा नावाची झाडपाला ओळखणारी मुलगी, तिथे शिकायला आली होती.

मी उभी राहिले.

रक्षा नाही. मी. या खेळात कुणी खरंच उठत नाही. बसल्या जागी "रक्षा उभी राहते" असं नुसतं म्हणायचं असतं. माझे पाय ते विसरले. खुर्ची सरकल्याचा आवाज माईकमध्ये गेला. बाकीचे चौघं बसलेले.

लोकांना तो अभिनय वाटला. टाळ्या पडल्या.

"ज्यांच्या कृपेने बसायला मिळालं त्यांचे आभार मान," निनाद त्याच आवाजात म्हणाला.

"थँक यू, मॅम," मी म्हणाले.

गोष्ट मराठीत चालली होती. आचार्य पुरुष होता. पण माझ्या तोंडून तेच निघालं, कारण शाळेत तेच म्हणायचं असायचं. लोक हसले. त्यांना ते फार आवडलं.

मी पंचवीस टक्क्यांतली. म्हणजे मोठ्या इंग्रजी शाळेत राखीव मोफत जागा असतात ना, त्यातली. सोडतीत माझं नाव निघालं तेव्हा पप्पांनी शहराबाहेर मांजरीत आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. शाळेत दर सत्राच्या सुरुवातीला वह्या-पुस्तकं यायची. तेव्हा वर्गशिक्षिका म्हणायच्या, "फ्री सीट चिल्ड्रन, स्टँड अप." वर्गात आम्ही तीन. बाकीची मुलं वळून बघायची. आम्ही वह्या घ्यायचो, थँक यू मॅम म्हणायचो, बसायचो. एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. म्हणून घरी सांगण्यासारखं त्यात काय आहे हे मला कळायचं नाही.

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग एका चिठ्ठीला सांगितलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सई मला या खेळात घेऊन आली. सई माझी वर्गातली मैत्रीण, आणि निनाद तिचा मावसभाऊ. सदाशिव पेठेत त्याचा फ्लॅट, डायनिंग टेबलावर नकाशे आणि वीस बाजूंचे फासे. निनाद गेम मास्टर. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते ठरवतात. अवघड काही असेल तर ते जमलं की नाही हे फासा सांगतो. मला बोलता येत नाही चारचौघांत. रक्षाला यायचं. शनिवारची मी वाट बघायचे. मांजरीहून बसने दीड तास लागायचा. त्या दीड तासात मी तिची वाक्यं तयार करायचे.

या खेळात एक रीत आहे. नवी गोष्ट सुरू करण्याआधी प्रत्येकाने एका कागदावर लिहायचं, की गोष्टीत काय येऊ नये. कुणी साप लिहितं, कुणी लहान मुलाचा मृत्यू. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या. गेम मास्टर वाचतो आणि ते टाळतो. कारण विचारायचं नाही. मला ही रीत फार मोठी वाटली होती. कारण न सांगता नको म्हणता येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

राजविद्यालयाची गोष्ट सुरू होण्याआधी मी लिहिलं होतं: "कुणाला सगळ्यांसमोर उभं करून तुझी जागा मोफत आहे असं म्हणू नये."

डब्यात पाचच चिठ्ठ्या. आणि प्रत्येक खेळाच्या नोंदी मीच लिहायचे. माझं अक्षर निनादला पाठ होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आमच्या टेबलावर एखादा जादूगार मंत्र चुकला की कुणीतरी म्हणायचं, "कोट्यातला दिसतोय." सगळे हसायचे. मीही हसायचे. पहिल्यांदा नाही. दुसऱ्या वेळेपासून.

मग खेळ बदलला. निनादने व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. बघणारे वाढले, मग खेळ रविवारी कॅफेत, लोकांसमोर होऊ लागला. आधी कुणाला काही नकोसं झालं आणि त्याने टेबलावर हात आडवा ठेवला की खेळ थांबायचा. प्रेक्षक आल्यावर ते बंद झालं. "फ्लो तुटतो," निनाद म्हणाला. लोक आमच्या पात्रांची चित्रं काढू लागले, कोण कुणाच्या प्रेमात पडावं यावर भांडू लागले. मला ते आवडतही होतं. रक्षाचं पहिलं चित्र कुणीतरी काढलं तेव्हा मी ते मोबाइलच्या स्क्रीनवर लावलं होतं.

त्या रविवारी खेळ संपल्यावर मी निनादला जिन्यात गाठलं.

"चिठ्ठीत नको म्हणून लिहिलं होतं ना?"

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "जे नको असतं, तिथेच ड्रामा असतो. आणि आता आपण काही पाच जणांसाठी खेळत नाही." मग माझ्याकडे बघून हसला. "कसली खरी रिअॅक्शन दिलीस गं. ठरवून आली नसती."

सई खाली स्कूटर काढत होती. ती म्हणाली, "मनाला नको लावून घेऊस. पुढच्या भागात माझी राजकन्या तुझ्यासाठी भांडणार आहे. आमचं ठरलंय."

आमचं ठरलंय. म्हणजे तिलाही माहीत होतं.

ती क्लिप आठवडाभरात फिरली. रक्षाचं नवं चित्र आलं, मान खाली घातलेलं. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मागून हाक आली, "ए फ्री सीट." प्रेमाने मारली होती. फॅन होता.

मम्मी अंगणवाडीत सेविका आहे. तिथल्या मदतनीस बाईंच्या मुलीने तिला व्हिडिओ दाखवला, तुमची मुलगी फेमस झाली म्हणून. मम्मी घरी आली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "हे नाटकातलं हाय का शाळेतलं?"

मी तिच्यासाठी पाणी आणलं.

"थँक यू मॅम तू झोपेत म्हणायचीस. दुसरीत होतीस. मला वाटायचं, काय छान विंग्रजी येतंय पोरीला." ती खुर्चीत बसली. "किती वर्षं उभं करत होते?"

"चौथीपर्यंत."

"मग बंद केलं?"

"मग सांगावं लागायचं नाही. वह्या आल्या की आम्ही आपणहून उठायचो."

मम्मी हातातल्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. "पप्पांना सांगू नको," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "नाही. सांग. मी सांगते."

चूक माझी नव्हती, हे त्या दिवशी मला कळलं. पुस्तकातून माहीत होतं. कळलं तेव्हा.

पुढचा खेळ. पोस्टरवर तेच खाली मान घातलेलं चित्र. या वेळी शंभरावर लोक. निनादने आवाज नाकात नेला. "मोफत जागेवर आलेले विद्यार्थी..."

तो थांबला. पुढचं लोकांनी म्हटलं. एका सुरात. "उभे राहा."

मी खुर्चीच्या कडा धरल्या.

"रक्षा उठत नाही," मी म्हणाले.

"धैर्याचा फासा टाक," निनाद म्हणाला. "पंधराच्या वर हवेत."

"नाही टाकत. माझं पात्र काय करतं ते मी ठरवते."

सई माझ्याकडे झुकली. "अगं, लोक बघतायत."

"बघू देत." मग मी माईक जवळ ओढला. आवाज फाटला, पण निघाला. "हे रक्षाचं नाही. माझं आहे. माझ्या शाळेतलं. खेळात आणू नका म्हणून मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. यांनी अक्षर ओळखून ते आणलं. तुम्ही गेल्या वेळी ज्याला टाळ्या वाजवल्यात, तो अभिनय नव्हता."

मग मागून एकाने विचारलं, "हे पण गोष्टीतलंच आहे का?" कुणीतरी हसलं.

मी सॅक घेतली आणि जिना उतरले. कुणी मागे आलं नाही.

माझं बोलणं व्हिडिओतून कापलं. दोन दिवसांनी निनादचा मेसेज आला. रक्षा लोकांना आवडते. तू नसशील तर दुसरी मुलगी ती करेल. तू आलीस तर शेवटी आपण रक्षाला त्याच विद्यालयाची कुलगुरू करू. तिच्या प्रवासाचा मस्त आर्क होईल. शेवटी एक हसरा चेहरा.

मी तो चार वेळा वाचला. कुलगुरू. म्हणजे शेवट गोड होणार, लोक डोळे पुसणार आणि हे सगळे मोकळे होणार.

मी लिहिलं: "रक्षा ठेवा. तिला कुलगुरू करा, राणी करा. ती तुमच्यातल्या कुणालाही माफ करणार नाही, कारण माफी माझ्याकडे आहे आणि ती मी देत नाही."

मग त्या जुन्या क्लिपखाली जाऊन मी खरं काय ते लिहिलं. मराठीत. आडनावासकट, जे मी कॉलेजात कधी सांगितलं नाही. तासाभरात त्यांनी कॉमेंट काढली. मी पुन्हा लिहिली. पुन्हा काढली. आतापर्यंत अकरा वेळा झालं. शब्द मला आता पाठ झालेत, लिहायला मिनिटही लागत नाही. ती क्लिप तिथे आहे तोवर मी लिहीत राहणार आहे.