चौथी पायरी

गणिताचे प्राध्यापक रघुवीर मुळ्ये नाकावर माशी बसू देणारे नव्हते. इंदूरच्या विद्यापीठात तेहतीस वर्षं काढली, पण फळ्यावर लिहिलेलं कधी पुसावं लागलं नाही, असं स्वतःच सांगत. नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे. त्यात चौथ्या पायरीवर सिद्धतेऐवजी तीनच शब्द होते : 'हे उघड आहे.' गणितात अशी चाल आहे. ज्याला दिसतं त्याचा वेळ कशाला घ्या!

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांची शेवटची विद्यार्थिनी शमिका तो निबंध घेऊन आली. "सर, ये चौथी पायरी उघड कशी? मी आठ दिवस ट्राय करते आहे."

"बस, आत्ता दाखवतो," म्हणत त्यांनी खडू घेतला आणि तासभर फळ्यासमोर नुसते उभे राहिले. पुढचे तीन आठवडे घरी तेच. शेवटी एक साधंसं उदाहरण सापडलं, आणि त्यात ती पायरी चक्क खोटी ठरत होती. नियतकालिकाला त्यांनी स्वतःच तसं कळवून टाकलं. नाव गेल्याचं दुःख होतंच. पण जिवाला लागलं ते दुसरंच.

सत्तावीस वर्षांपूर्वी अभिराम नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याने भर सेमिनारमध्ये हाच प्रश्न विचारला होता. आणि मुळ्ये म्हणाले होते, "तुला नाही दिसत ना, तो गणित छोड दे, भिया!" सगळे हसले. महिन्याभरात पोराने संशोधन सोडलं.

आता तो इंदूरमध्येच, पलासिया भागात कोचिंग क्लास चालवत होता. सर पत्ता काढून तिथे गेले. केस पिकलेला अभिराम अकरावीला त्रिकोणमिती शिकवत होता. सरांना दारात पाहताच धावत येऊन पाया पडला.

सरांनी उदाहरणाचा कागद पुढे केला. अभिरामने तो उभ्याउभ्याच दोनदा वाचला.

"तू बरोबर होतास," सर म्हणाले. "तेव्हा माझ्याशी भांडला का नाहीस रे?"

अभिराम हसायला गेला, पण जमलं नाही. "भांडणार कसा, सर? तुम्ही म्हणालात, तर मला वाटलं, खरंच मलाच दिसत नाही."

तेवढ्यात आतून एका मुलीने विचारलं, "सर, ये तीसरी लाइन कैसे आई?"

अभिरामने कागद खिशात ठेवला, आत जाऊन सगळा फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मुळ्ये दारातच उभे राहिले. एवढंच तर करायचं होतं त्या दिवशी, त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले.