टोमॅटोची सहा रोपं आणि एक बंद वर्ग

सक्सेना मॅडमनी प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. आतून पानं पडली. शेफ्लेराची, बेगोनियाची, कोलियसची. चांगली ओंजळभर.

"देखिए सुधाजी, ये सिर्फ कल का कचरा है," त्या म्हणाल्या. "और अब ये पढ़िए."

तो पालकांचा अर्ज होता. वर्गात ठेवलेल्या कुंड्या खराब हवा सोडतात, त्यामुळे मुलांना सुस्ती येते, तरी त्या ताबडतोब हलवाव्यात. खाली सह्याच सह्या.

सीपरी बाजारात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर मॅडमची बालवाडी होती. तिथल्या कुंड्या माझ्या. शेतीची पदवी घेऊन मी काही वर्षं एका लॅबमध्ये पिकांचे रोग तपासले आणि मग स्वतःची नर्सरी काढली. ऑफिसं, दवाखाने, शाळा यांना झाडं पुरवायची आणि दर महिन्याला जाऊन त्यांची तब्येत बघायची, हे माझं काम. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झाशीचेच. मराठी घरात बोलायची, धंदा हिंदीत करायचा.

"सोमवारी पालकांची मीटिंग आहे," मॅडमनी हिंदीतच बजावलं. "त्याआधी कारण सांगा, नाही तर सगळ्या कुंड्या उचला."

मी गळलेलं एक पान उचललं. हिरवं होतं. मऊ, ताजं, कुठे डाग नाही. बेगोनियाच्या तर न उमललेल्या कळ्या पडल्या होत्या. खोटं कशाला बोलू, असं न सुटणारं कोडं समोर आलं की मला आनंद होतो. अर्ज माझ्याविरुद्ध असला तरी.

"चलिए," मी म्हटलं. "आत्ताच."

रिक्षात एक गोष्ट मला टोचत होती. तीन आठवड्यांपूर्वीही पानगळ झाली होती. तेव्हा मी कुंड्यांकडे उभ्या उभ्या पाहिलं होतं आणि थंडी बाधली असं ठरवून चार झाडं बदलून दिली होती. आजारी चार घरी नेऊन ओसरीत ठेवली. आठवड्याभरात त्यांची पानगळ थांबली आणि नवी पालवीसुद्धा दिसू लागली. आमची ओसरी उघडी. रात्री तिथे शाळेपेक्षा कितीतरी जास्त गारठा. थंडीने आजारी पडलेलं झाड जास्त थंडीत बरं कसं होईल? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

वर्ग भरलेला होता. वीस-बावीस मुलं, स्वेटर-टोपड्यात गुंडाळलेली. निधी नावाची तरुण शिक्षिका फळ्यावर चित्र काढत होती. शीतलहर चालू होती, म्हणून खिडक्या बंद. फटींवर चिकटपट्टी. कोपऱ्यात गॅसचा हीटर.

मी ठरलेल्या क्रमाने सुरुवात केली. आधी पानाची मागची बाजू. रोग आणि किडे बहुतेक वेळा तिथे लपतात. भिंगातून काही दिसलं नाही. मग पांढरा कागद पानाखाली धरून टिचकी मारली. लाल कोळी असले तर कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडतात आणि चालायला लागतात. कागद कोरा. मातीत बोट घातलं. ओल बरोबर होती. एक कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढलं. मुळं पांढरी, कडक. कुजलेल्या मुळांना गटारासारखा वास येतो, इथे नुसता मातीचा वास.

म्हणजे झाडं निरोगी होती. आणि तरी गळत होती.

आता एक साधा नियम सांगते. रोग आणि किडे निवडक असतात. बेगोनियाची बुरशी सहसा शेफ्लेराच्या वाटेला जात नाही. तीन वेगळ्या जातींची झाडं एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच तऱ्हेने आजारी पडली, तर दोष झाडांत शोधायचा नाही. खोलीत शोधायचा.

हीटरची कोरडी हवा? त्याने पानांच्या कडा करपतात, पापडासारख्या होतात. इथे कडा शाबूत होत्या. आणखी एक गोष्ट दिसली. कोलियसची पानं खाली वाकली होती, पण सुकलेली नव्हती. देठच खाली वळले होते. छत्री अर्धी मिटावी तसे.

दाराशी रामकली उभी होती. शाळेची आया. पानं रोज तीच झाडायची.

"काय हो, रोज एवढीच पडतात?" मी हिंदीत विचारलं.

"रोज नहीं बाईजी. सोमवार को तो मुश्किल से दो-चार. बुध से बढ़त हैं, सनीचर को तो ढेर."

"रविवारी काय असतं?"

"इतवार को तो छुट्टी. ताला."

माझा हात भिंगासकट थांबला. रविवारी मुलं नसतात. पाणी नसतं. आणि हीटर नसतो.

मी वळून हीटरकडे पाहिलं. ज्योत पिवळी होती. गॅसची ज्योत निळी असावी लागते, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मागच्या भिंतीवर काजळीचा फराटा होता. मग मी मुलांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या दोघी बाकावर डोकं टेकून झोपल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते.

"निधी, तुम्हाला डोकेदुखी होते का?"

तिने खडू खाली ठेवला. "आपको किसने बताया? रोज होती है. घर पहुँचो तो अपने आप ठीक."

मघापासूनचा माझा सगळा आनंद त्या क्षणी गोठला.

"खिडक्या उघडा!" मी ओरडले. "रामकली, पट्ट्या ओढ! मुलांना गच्चीवर न्या, सगळ्यांना, आत्ता!"

सिलिंडर बाहेर बाल्कनीत होता. मी धावत जाऊन त्याचा कॉक बंद केला. निधीने कशाला, कसं काही विचारलं नाही. झोपलेल्या एकीला तिने कडेवर घेतलं, दुसरीचा हात धरला आणि रांग जिन्याकडे वळवली. पाच मिनिटांत सगळी मुलं गच्चीवर उन्हात होती. कुणीतरी शेंगदाणे मागायलाही लागलं.

सक्सेना मॅडम मात्र संतापल्या. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

"शीतलहर में बच्चे छत पर! आप पत्ते देखने आई थीं या स्कूल बंद कराने?"

मी श्वास घेतला आणि समजावलं. गॅस नीट जळला नाही, अर्धवट जळला, की त्यातून इतर गोष्टींबरोबर दोन वायू निघतात. एक कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाचं डोकं दुखतं, झोप येते, आणि प्रमाण वाढलं की माणूस त्या झोपेतून उठत नाही. दुसरा इथिलीन. पेटीत घातलेले कच्चे आंबे पिकतात ते याच वायूमुळे. माणसाला तो एवढ्याशा प्रमाणात जाणवतही नाही, पण झाडाला जाणवतो. झाडाला वाटतं आपलं वय झालं. देठ वाकतात, कळ्या गळतात, हिरवी पानं सुटतात.

"पण गॅसवाला नोव्हेंबरमध्ये बघून गेला," मॅडम म्हणाल्या. "कुठे गळती नाही म्हणाला. आणि गळती असती तर वास आला असता."

"गळती नाहीच. जो गॅस जळतोय, तो नीट जळत नाहीये."

"ये आपका अंदाज़ा है."

बरोबर होतं. अंदाजच होता. आमच्या गावात तेव्हा हवा तपासायचं यंत्र कुणाकडे मिळेल हे मला माहीत नव्हतं. पण लॅबमध्ये शिकलेली एक जुनी युक्ती आठवली आणि मला पुन्हा उत्साहाचा झटका आला.

"मला रविवार द्या," मी म्हटलं. "तोवर हीटर लावायचा नाही. मुलं गच्चीवर किंवा पलीकडच्या वर्गात. रविवारी रिकाम्या वर्गात मी तुम्हाला डोळ्यांनी दाखवते."

"काय दाखवणार?"

"टोमॅटो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

घरी हे सगळं सांगितलं तेव्हा आमचे हे, रेल्वेत नोकरीला, शांतपणे चहा पीत होते.

"आणि टोमॅटो वाकला नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर माझं हसं होईल. कुंड्या परत येतील."

"आणि वाकला तर?"

त्या दोन झोपलेल्या मुली डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तीन आठवड्यांपूर्वी मी नीट पाहिलं असतं तर, ते ह्यांना सांगायचं होतं. सांगितलंही. ते म्हणाले, "मग आता नीट बघ."

टोमॅटोचं रोप इथिलीनच्या बाबतीत फार हळवं. हवेत नावापुरता असला तरी काही तासांत त्याच्या पानांचे देठ खाली वळतात. मी नर्सरीतून एकाच वयाची, एकाच उंचीची सहा रोपं निवडली. रविवारी सकाळी तीन हीटरच्या वर्गात ठेवली, तीन शेजारच्या वर्गात. तिथेही तेवढाच उजेड, तसंच बंद दार, फक्त हीटर नाही. प्रत्येक रोपामागे पुठ्ठा उभा केला आणि पानाचं टोक जिथे होतं तिथे पेन्सिलने रेघ ओढली. खिडक्या बंद केल्या, हीटर लावला आणि आम्ही बाहेर आलो. दाराला काच होती. मुलांवर नजर ठेवायला मॅडमनी बसवलेली. आता त्याच काचेतून आम्ही चौघी टोमॅटोवर नजर ठेवून होतो. मॅडम, निधी, रामकली आणि मी.

पहिला तास काही नाही. दुसरा तास काही नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं. निधीने सगळ्यांना संत्री सोलून दिली. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. वीस पावलं व्हरांड्यात, वीस पावलं परत.

तिसऱ्या तासाला मला वाटलं मधल्या रोपाचं पान रेघेखाली गेलंय. पण डोळ्यांना हवं ते दिसतं, हे लॅबमध्ये शिकले होते.

चौथ्या तासाला रामकली काचेला नाक लावून उभी होती. ती एकदम ओरडली, "अरे मैया! ये तो हाथ नीचे कर रओ है!"

आम्ही सगळ्या काचेवर तुटून पडलो. रेघेच्या खाली, चांगलं बोटभर खाली, पान गेलं होतं. एकाचं नाही, तिघांचं.

"और रुकिए," मी म्हटलं. "एवढ्यावर मानू नका."

सहा तास झाले तेव्हा तिन्ही रोपांनी देठ खोडाशी आणले होते. मी बाल्कनीतून गॅस बंद केला. निधीने बाल्कनीच्या बाजूने खिडक्या उघडल्या. खोलीला भरपूर वारा लागल्यावरच आम्ही आत गेलो.

"गर्मी से मुरझा गए होंगे," मॅडम म्हणाल्या. मुरझाना म्हणजे कोमेजणं. शंका चांगली होती. मला ती आवडली.

"हात लावून बघा."

त्यांनी पान धरलं. कोमेजलेलं पान लिबलिबीत लागतं. हे ताठ होतं. देठ तारेसारखा कडक, फक्त दिशा बदललेली. मग मी त्यांना शेजारच्या वर्गात नेलं. तिथली तीन रोपं सकाळी होती तशी, टोकं अगदी रेघेवर.

मॅडम लहान मुलांच्या बाकावर बसल्या. बाक इतका बुटका की गुडघे छातीशी आले. मग म्हणाल्या, "निधी, तुमने सिरदर्द की बात मुझसे क्यों नहीं कही?"

"कही थी मैडम. आपने कहा था चश्मा बनवा लो."

त्याच संध्याकाळी मॅडमनी इक्बाल मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी हीटर उघडून आमच्यासमोर ठेवला. बर्नरच्या तोंडात कोळ्याचं जाळं आणि धुळीचा बोळा. आतली जाळी तडकलेली. नोव्हेंबरमध्ये आलेल्या माणसाने नळी पाहिली होती, हीटर उघडलाच नव्हता. मिस्त्री चिकटपट्टीच्या खुणा बघून मान हलवत राहिले. "मैडम, हवा बंद करके आग जलाओगे तो आग किसकी हवा खाएगी?"

सोमवारच्या मीटिंगला मॅडमनी मला बोलावलं. मी सहाही रोपं घेऊन गेले. अर्जावर पहिली सही असलेले गृहस्थ सुरुवातीला हात बांधून बसले होते. मॅडमनी काही लपवलं नाही. हीटर खराब होता, खिडक्या आपणच बंद केल्या, चूक आपली, असं उभं राहून सांगितलं. त्या गृहस्थांची मुलगी पुढच्या रांगेत झोपणाऱ्या दोघींपैकी एक होती. त्यांनी वाकलेलं रोप हातात घेतलं, पान वर करायचा प्रयत्न केला, सोडलं. पान पुन्हा खाली गेलं.

"अगर पौधे हटा देते," ते हळूच म्हणाले, आणि रोप जपून टेबलावर ठेवलं.

मुलांना आणि निधीला डॉक्टरांनी तपासलं. सगळी ठीक होती. निधीची डोकेदुखी गेली. गॅसचा हीटर भंगारात गेला, तिथे विजेचा आला, आणि वरच्या झडपा बाराही महिने उघड्या राहतील असा नियम झाला. कुंड्या राहिल्या. बेगोनियाला फेब्रुवारीत फुलं आली.

मला लोक विचारतात, घरातलं झाड आजारी पडलं तर सगळ्यात आधी काय घालायचं? काही घालू नका. आधी पान उलटं करा, माती चाचपा, मुळं बघा. आणि सगळं ठीक असूनही झाड गळतच राहिलं, तर त्या खोलीत आणखी कोण कोण श्वास घेतं, ते मोजा.