गॅलरीतली सोबत

नाखवांची आणि माझी ओळख पोस्टकार्डावर झाली. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. एका दिवाळी अंकात माझी विज्ञानकथा छापून आली होती, आयुष्यातली पहिलीच. डोंबिवलीत आमच्या सोसायटीत तो अंक घेऊन मी घरोघर हिंडले होते, आणि फराळाच्या ताटासमोर सगळ्यांनी छान छान म्हटलं होतं. पंधरा दिवसांनी ठाण्याहून कार्ड आलं. मायना नाही, अभिनंदन नाही, सुरुवातच अशी: "आपल्या कथेतील ग्रहास तीन चंद्र आहेत. गाव आपण अगदी किनाऱ्यावर वसवले आहे. तिन्ही चंद्र एका रेषेत येतील त्या दिवशी पाणी देवळाच्या कळसावरून जाईल. माणसे वाचवायची असल्यास गाव टेकडीवर न्यावे. कळावे. भालचंद्र नाखवा, कोळीवाडा, ठाणे."

मला राग आला. मी फणकाऱ्याने उलट कार्ड टाकलं, की कथा कल्पनेची आहे. चौथ्या दिवशी उत्तर हजर: "चंद्र कल्पनेचे असले तरी पाणी पाण्यासारखेच वागेल." खाली पत्ता होता, पण या वेळी नाखवांचा नाही. वर्तकनगरला प्रधान नावाच्या एका इंजिनियरांकडे दर रविवारी विज्ञानकथा वाचणारे सात-आठ जण जमतात, त्यांच्यात यावं, असं आमंत्रण होतं. भांडायच्या तयारीनेच मी गेले.

दार उघडलं ते ठेंगण्या, दणकट, पांढरा बुशशर्ट घातलेल्या माणसाने. खिशात पेनाच्या जागी टोक काढलेली पेन्सिल होती. "या लेखिकाबाई. गाव हलवलंत का वर?" असं म्हणून ते मनापासून हसले, आणि माझं भांडण तिथेच विरघळलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा हा माणूस मला पुढे कायम 'बाई'च म्हणत राहिला.

नाखवा कळव्याच्या एका कारखान्यात फिटर होते. इंग्रजी शिकले ते यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांवरून. त्यामुळे कादंबरीही ते तशीच वाचत, एक ओळ न गाळता. आम्ही लांबलचक वर्णनं गाळून पुढे जायचो, त्यावर ते यंत्रात कापून अर्धी राहिलेली आपली करंगळी दाखवायचे. "एकदाच पान गाळलेलं मी. तेव्हापासून सगळं वाचतो." रद्दीच्या दुकानातून ते परदेशी पुस्तकं हुडकून आणत, आणि त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने हिशेब मांडलेला असे. ग्रह केवढा, चंद्र किती, भरती किती चढेल. हिशेब चुकला की खाली लिहीत, "बुडाले."

हे वेड घरातूनच आलेलं. वडील खाडीत मासेमारी करायचे. "बापाने मला दोनच गोष्टी शिकवल्या," नाखवा सांगत. "जाळं विणायला आणि तिथीची पाऊणपट करायला. खाडीत मासळीच उरली नाय, तर जाळं कशाला? पाऊणपट तेवढी राहिली." तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा. खाडीत आत पाणी पोचायला आणखी अर्धा तास धरायचा. हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच पाठ करायला लावलं होतं.

प्रधानांकडे व्हिडिओ होता. एकदा एका अवकाशपटात सगळा ग्रहच समुद्राचा होता. आम्ही ते अवाढव्य यान बघून तोंडात बोटं घातली होती. नाखवा म्हणाले, "थांबवा जरा." प्रधानांनी चित्र थांबवलं. नाखवा पडद्याजवळ गेले, आभाळातले चंद्र बोटाने मोजले आणि कोपऱ्यातली एक होडी दाखवली. "दोन चंद्र दाखवलेत आणि होडी बिनदोरीची उभी. हा माणूस खाडीवर गेलेला नाय कधी." मग निमूट जागेवर येऊन बसले आणि पुढचा चित्रपट लहान मुलासारखा डोळे विस्फारून पाहिला. चूक सापडली म्हणून त्यांचा आनंद कधी कमी झाला नाही. मला हे अजून जमलेलं नाही.

आमच्या बैठकीचा एकच नियम होता. एखाद्या पुस्तकाच्या शेवटाबद्दल बोलायचं झालं की ज्यांचं ते वाचून झालेलं नसेल त्यांनी गॅलरीत जायचं आणि दार ओढून घ्यायचं. चर्चा आटोपली की प्रधान काचेवर टकटक करत. नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी, यांतून माझं वाचन नेहमीच मागे असे, त्यामुळे गॅलरीची मी कायमची रहिवासी होते. आणि जवळजवळ दर वेळी, पुस्तक केव्हाच वाचून झालेले नाखवा माझ्यामागून गॅलरीत येऊन उभे राहत. खरं तर आत त्यांच्या हिशेबावरच वाद चाललेला असायचा.

"तुम्ही का आलात? तुमचं तर झालंय," मी एकदा विचारलं.

"एकटं माणूस दाराबाहेर उभं राहिलं ना बाई, की त्याला वाटतं आत आपल्याबद्दलच बोलतायत," ते म्हणाले. "दोघं असली की तसं वाटत नाय."

मी लाडीगोडी लावून शेवट काढून घ्यायला बघायची. तो म्हातारा कप्तान मरतो का, एवढंच सांगा. नाखवा ओठ मिटून समोरच्या इमारतीवरच्या टाक्या मोजत बसत. बारा-तेरा वर्षांत त्यांच्या तोंडून एकही शेवट फुटला नाही.

पुढे माणसं पांगली. कुणी पुण्याला गेलं, कुणी अमेरिकेला, आणि रविवार मोडला. नव्वदीच्या अखेरीस प्रधानांनी सगळ्यांचे ईमेलचे पत्ते गोळा केले आणि बैठक पुन्हा भरवली. एकाने लिहिलेलं सगळ्यांना जाई. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. गॅलरीचा नियम तिथेही आला. शेवटाबद्दल लिहायचं असेल तर वर तशी सूचना द्यायची आणि खाली तीस ओळी कोऱ्या सोडायच्या. त्या कोऱ्या ओळींना आम्ही गॅलरीच म्हणायचो. ज्याने वाचलं नसेल त्याने तिथेच थांबावं, खाली उतरू नये.

नाखवा तोवर निवृत्त झाले होते. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन ते एका बोटाने टंकत, आणि त्यांच्या कोऱ्या ओळी मोजून तीसच असत. अमेरिकेतल्या एका नव्या सभासदाने दोन चंद्रांच्या भरतीवर सूत्रांनी भरलेला लांबलचक मेल लिहिला, त्याला नाखवांनी उत्तर दिलं: "सूत्र बरोबर. पण तुमचे पाणी लगेच चढते. खाडी वळणाची असते, पाण्याला यायला वेळ लागतो. थोडे थांबायला शिका." त्या गृहस्थाने आठवड्याने कबूल केलं, की वेळ धरायची राहिली होती.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नाखवा अचानक डोंबिवलीला माझ्या घरी आले. न कळवता येणारा हा माणूस नव्हता. वाळले होते, गळ्याभोवती कॉलर सैल झाली होती. मी विचारलं तर म्हणाले, "पोट बरं नाय जरा." पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "बाई, हा पहिला लेखक, ज्याला भरती कळलीय. वाचा, आणि जरा लवकर वाचा. मला शेवटावर तुमच्याशी बोलायचंय." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी चहा केला, त्यांनी अर्धा ठेवला. ते गेल्यावर मी पुस्तक फ्रिजवर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, त्यांचा मेल आला. मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर मेल बघायची आमची सोय होती. वरच सूचना होती: "पुस्तकाच्या शेवटाबद्दल. वाचले नसेल त्यांनी गॅलरीत थांबावे." मी थांबले. नियमच होता, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, वाचायचं एक काम टळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा कारखान्यात फोन आला. आवाज लांबून आल्यासारखा होता.

"बाई, मेल बघितलात?"

"बघितला हो. पण गॅलरीत थांबलेय."

"पुस्तक कुठवर आलं?"

मी पहिलं पानही उलटलेलं नव्हतं. पण लाज वाटली, आणि तोंडातून निघून गेलं, "शेवटचं प्रकरण राहिलंय फक्त."

ते म्हणाले, "असं? मग थांबा. आता सांगत नाय. रविवारपर्यंत होईल?"

"होईल की."

त्या आठवड्यात धाकट्याची परीक्षा होती, कारखान्यात तपासणी होती. ही कारणं खरी आहेत आणि बिनकामाची आहेत. रविवार आला, गेला. सोमवारी मला वाटलं, फोन करून थोडी मुदत मागावी. मग वाटलं, वाचूनच करू. पुढच्या शुक्रवारी दुपारी प्रधानांचा फोन आला. नाखवा सकाळी गेले.

"गेले म्हणजे? काय झालं एकदम?" मी विचारलं.

प्रधान हळूच म्हणाले, "एकदम कुठे? यकृताचा कॅन्सर. त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं सगळं. रविवारी आम्ही सगळे भेटून आलो. तुम्ही... अजून वाचला नाहीत?"

कोळीवाड्यात पोचले तेव्हा त्यांना नेलं होतं. हिरावहिनी, त्यांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत, जवळ बसवून घेतलं. "रोज इचारायचे, बाई आल्या का म्हणून," त्या म्हणाल्या. "प्रधानसाहेब म्हणाले, मी फोन करतो त्यांना. तर यांनी हात धरला त्यांचा. म्हणाले, बाईंचं एकच प्रकरण राहिलंय. दोन दिवसांत येतील त्या. कशाला मजा घालवता त्यांची?"

मी वहिनींना काहीच सांगितलं नाही. माणूस मरणाच्या दारात बसून माझी मजा जपत होता, आणि मी त्याच्याशी खोटं बोलले होते. पुस्तक वाचलं नाही एवढंच फोनवर कबूल केलं असतं, तर त्यांनी मला त्याच क्षणी आत घेतलं असतं. याची मला खात्री आहे. म्हणूनच ते सहन होत नाही.

तो मेल मी लगेच उघडला नाही. आधी पुस्तक वाचायचं ठरवलं. सगळं चुकलंच होतं, निदान त्यांचा नियम तरी पाळावा म्हणून. शनिवार-रविवार घरात कुणाशी न बोलता वाचत राहिले, एक ओळ न गाळता. समासात जागोजागी पेन्सिलीचे आकडे होते. शेवटच्या प्रकरणात एक म्हातारा नावाडी बाकी सगळ्यांना होडीत बसवतो. जागा नसते म्हणून स्वतः किनाऱ्यावर थांबतो, आणि पाणी नेमक्या वेळेला चढतं. तिथे नाखवांनी हिशेब मांडून खाली लिहिलं होतं, "बरोबर."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मेल उघडला आणि कोऱ्या ओळी मोजत खाली उतरले. तीसच होत्या.

पहिले दोन परिच्छेद भरतीवर होते, लेखकाचं तोंड भरून कौतुक करणारे. मग लिहिलं होतं: "आता माझे. डॉक्टरांनी यकृताचे सांगितले आहे. दिवस थोडे आहेत. बिनकामाचे रडू नये. येत्या रविवारी सप्तमी आहे, म्हणजे सव्वापाच, आणि खाडीचा अर्धा तास. पावणेसहाला पाणी आमच्या ओट्यापर्यंत येते, चांगले दिसते. सगळ्यांनी यावे."

त्याखाली एक ओळ सोडून शेवटचं होतं.

"बाई अजून गॅलरीत असतील. एकट्या आहेत. त्या आत येईपर्यंत मी थांबतो."

नाखवा दहा दिवस थांबले.